गोळ्यांची पिशवी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले निवेदन)



जमाखर्चाचा ताळेबंद आपल्या हाती आहेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि अहवाल वर्षात आमच्याकडे आलेली एक तक्रार आकड्यांचीच होती, म्हणून तिचा वृत्तान्त येथे देत आहोत.

एक निवृत्त शिक्षिका अनेक वर्षे थायरॉक्सिनची गोळी घेत होत्या. आमच्या प्रयोगशाळेच्या अहवालात त्यांचे टीएसएच फार कमी व टी-४ वाढलेले आढळले. औषध जास्त होत आहे, असा त्याचा सरळ अर्थ. त्यानुसार मात्रा कमी करण्यात आली. दोन महिन्यांनी त्यांचे चिरंजीव कार्यालयात आले आणि फाईल टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, आई दिवसभर झोपून असते, चेहरा सुजलाय, आणि तुमचा कागद अजूनही औषध जास्तच म्हणतोय."

आम्ही प्रथम यंत्राच्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या नोंदी मागविल्या. त्या चोख होत्या. खरे सांगावयाचे तर आम्हांला हायसे वाटले. आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना मात्र तसे वाटले नाही. त्यांनी घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून आणावयास सांगितले. त्या पिशवीत केस गळू नयेत म्हणून घ्यावयाची बायोटिनची गोळी निघाली, १० मिलिग्रॅमची. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे मात्रा तीनशेपटीहून अधिक.

बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व. येथे ग्रंथीला त्याचा उपद्रव नव्हता. बिघडली होती ती तपासणी. काही यंत्रांत संप्रेरके मोजताना बायोटिन व स्ट्रेप्टॅव्हिडिन यांच्या घट्ट पकडीचा उपयोग करतात. रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर पकडीच्या जागा आधीच अडतात आणि टीएसएच आहे त्याहून कमी, टी-४ आहे त्याहून जास्त दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली याविषयी जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीतही अशी चूक संभवते, हे ऐकून आमची झोप उडाली.

थायरॉईड तपासणीपूर्वी ही गोळी किमान दोन दिवस बंद ठेवावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आम्ही चार दिवस थांबलो. फेरतपासणीत टीएसएच मर्यादेच्या कितीतरी वर निघाले. थायरॉक्सिनची पूर्वीची मात्रा पुन्हा सुरू झाली.

त्याच पिशवीत ड जीवनसत्त्वासह कॅल्शियमची गोळीही होती आणि बाई ती सकाळी थायरॉक्सिनबरोबरच घेत. कॅल्शियम व लोह हे औषध आतड्यात शोषू देत नाहीत. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य नव्हे. ती बायोटिनची गोळी आमच्याच औषधविक्री केंद्रातून गेली होती. आम्ही पावती पाहिली.

आता रक्त घेण्यापूर्वीच्या अर्जात "केसांसाठी, ताकदीसाठी कोणती गोळी घेता?" हा प्रश्न छापला आहे. औषध म्हटले की लोकांना अशा गोळ्या आठवत नाहीत, म्हणून शब्द मुद्दाम असे ठेवले. फेरतपासणी विनाशुल्क केली व आधीच्या दोन तपासण्यांचे शुल्क परत केले. ताळेबंदात ही रक्कम 'किरकोळ खर्च' या शीर्षाखाली आहे. लेखापरीक्षकांनी तिचा खुलासा मागितला होता. तो त्यांना हाच दिला.