बीएस्सीचं चौथं वर्ष: रिसर्च करायचा की तिसऱ्या वर्षीच थांबायचं?

गोंदिया, आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा, जिथून ऐकताय तिथून स्वागत. इअरफोन नीट लावा, आजचा विषय थोडा डोक्याचा आहे.

बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, झूलॉजी असा विषय घेऊन बीएस्सी सुरू आहे. आता कॉलेजवाले सांगतात, चौथं वर्षही आहे, 'ऑनर्स विथ रिसर्च'. घरचे म्हणतात, तीन वर्षांत डिग्री मिळते ना, मग आणखी एक वर्ष काऊन? दोन्ही बाजू बघू.

आधी नियम. नवीन शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनंतर डिग्री घेऊन बाहेर पडता येतं. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांचे १२० क्रेडिट आणि चार वर्षांचे १६०. चौथ्या वर्षाचे दोन प्रकार आहेत. नुसतं 'ऑनर्स' म्हणजे जास्तीचे पेपर. 'ऑनर्स विथ रिसर्च' म्हणजे गाइडच्या हाताखाली १२ क्रेडिटचा प्रकल्प आणि शेवटी प्रबंध. या दुसऱ्या प्रकाराला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात. म्हणजे फर्स्ट इयरला "पास झालो, बस" म्हणून सोडलेला पेपर इथे आडवा येतो. सेकंड इयरवाल्यांनो, आजच हिशोब करा.

फायदा काय? एक, चार वर्षांनंतर एमएस्सी एका वर्षाची होऊ शकते. दोन, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या डिग्रीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येतं, आणि राखीव प्रवर्गांना यात ५ टक्के सवलत आहे. पात्र ठरणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं, हे मात्र विसरू नका.

आता खरी अडचण. प्रत्येक कॉलेजला हे वर्ष चालवता येत नाही. यूजीसी म्हणते, विभागात पीएचडी गाइड म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत, आणि लॅब, लायब्ररी, जर्नल्स हवेत. म्हणून आपल्या कॉलेजात जाऊन सरळ विचारा: सर, आपल्या विभागात किती मान्यताप्राप्त गाइड आहेत? गेल्या दोन वर्षांत कोणाचे पेपर आले? पीसीआर मशीन चालू आहे की कपाटात आहे? हे विचारण्यात उद्धटपणा नाही, तुमचं एक वर्ष पणाला लागतंय. उत्तर 'नाही' आलं तर नागपूर किंवा पुण्याचा विचार करावा लागेल, आणि मग खोलीभाडं, मेस, प्रवास हे सगळं घरच्यांसोबत बसून कागदावर मांडा.

आता समजा ठरलं. करायचं काय? इथे आपल्या जिल्ह्याकडे एक मोठा विषय आहे: सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार घराघरात माहीत आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, लक्ष्य २०४७ चं. मुंबईत आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे, तिचंच एक केंद्र चंद्रपूरला आहे. गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. म्हणजे विषय दाराशी आहे.

पण "मी सिकलसेलवर रिसर्च करणार" हा प्रश्न नाही, हा नुसता मथळा आहे. प्रश्न असा हवा: गावातल्या शिबिरात घेतलेला रक्ताचा नमुना दोन दिवस बर्फाविना राहिला, तर सोल्युबिलिटी टेस्टचा निकाल बदलतो का? बघा, हा छोटा आहे, एका वर्षात होऊ शकतो, आणि सालेकसा-देवरीकडून नमुने आणणाऱ्या माणसाच्या कामाचा आहे. ही टेस्ट स्वस्त आहे, पण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. नवजात बाळात तर गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने टेस्ट चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तुमच्या प्रत्येक बॅचमध्ये आधीच खात्री झालेले तिन्ही प्रकारचे नमुने हवेत: निरोगी, वाहक, रुग्ण. यालाच कंट्रोल म्हणतात. कंट्रोल नसेल तर आकडे आले तरी अर्थ निघत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माणसाच्या रक्ताला हात लावण्याआधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो, फॉर्म परत येतो, दुरुस्त्या येतात. म्हणून प्रस्ताव वर्षाच्या सुरुवातीलाच द्या. संमतीपत्र माणसाला कळेल अशा भाषेत हवं: मराठी, हिंदी, गोंडी, जी त्याची असेल ती. १८ वर्षांखालील असेल तर पालकांची संमती, आणि कळत्या वयाच्या मुलाचा स्वतःचाही होकार. नाव वहीत नाही, कोड नंबर. कारण आपल्या गावात हे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. एखाद्या मुलीचा वाहक असल्याचा रिपोर्ट बाहेर फुटला, तर जुळत आलेलं लग्न मोडू शकतं. वाहक माणूस साधारणपणे ठणठणीत असतो, तरी लोक घाबरतात. मोबाइलवर रिपोर्टचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं म्हणजे त्या माणसाचा घात आहे. हे वर्ष तुम्हाला पिपेट धरायला शिकवेल, त्याआधी विश्वास सांभाळायला शिकवेल. आणि हो, रक्ताचं काम असेल तर हिपॅटायटिस बीची लस आधी. तीन डोस, सहा महिने लागतात. थर्ड इयरलाच सुरू करा.

रक्ताचे नमुने मिळणार नसतील तरी रडत बसू नका. एनसीबीआयवर जनुकांची माहिती फुकट आहे, पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर फुकट आहेत, फोनवरही उघडतात. कॉम्प्युटरवरचा प्रकल्पही प्रामाणिक प्रकल्प असतो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा: लॅबची वही. तारीख, काय केलं, किती मायक्रोलिटर, काय फसलं. पेनाने. प्रयोग फसला तर तेही लिहा, तोही निकाल आहे. जुळवलेले आकडे गाइडला एका नजरेत कळतात.

मग थांबायचं की करायचं? घराला आत्ता कमाईची गरज असेल तर तीन वर्षांनी बाहेर पडणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही. लॅबमध्ये काम आवडतं की नाही हेच माहीत नसेल तर आधी विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप भरा, दोन महिन्यांत स्वतःलाच कळेल. आणि आवडत असेल, गाइड चांगला असेल, ७५ टक्के असतील, तर घरच्यांना "मला शिकायचंय" एवढंच सांगू नका. वर्षाचा खर्च किती, पुढे एक वर्ष कसं वाचतं, हे कागदावर दाखवा. आईबाबा आकडे समजतात, हो बाप्पा, आपल्यापेक्षा चांगले समजतात.

तुमच्या कॉलेजात ते दोन गाइड आहेत का, हे या आठवड्यात विचारून या आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. जय महाराष्ट्र!