गाडीचे ब्रेक घरीच तपासा

अलिबागहून आंबा वाशीला नेताना कार्लेखिंड उतरावी लागते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, ३.७ टक्के पाणी शिरल्यास ही मर्यादा १४० पर्यंत घसरते. मग उतारावर ऑईल उकळून पेडल पोकळ जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑईल बदलावे.

सपाट जागी चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा.

१) स्पंजासारखे लागल्यास नळीत हवा आहे.
२) हळूहळू खाली गेल्यास गळती किंवा मास्टर सिलिंडरमध्ये दोष.
३) तसेच धरून इंजिन सुरू करा, पेडल किंचित खाली न गेल्यास बूस्टर तपासून घ्यावा.

इंजिन ऑईल कदापि घालू नये, रबर फुगते. दोष आढळल्यास मेकॅनिकला घरी बोलवा, गाडी रस्त्यावर काढू नका.