बंदुकीचा कागद

बेकायदा शस्त्र म्हटले की आपल्यापुढे गावठी कट्टा येतो आणि कुठल्या तरी खोपटात कानस घासत बसलेला कारागीर. जगातल्या यादवी युद्धांत चालणाऱ्या बंदुकांचे कुळ मात्र बहुधा वेगळे असते. त्या रीतसर कारखान्यात, नंबर ठोकून, सरकारी परवान्याने जन्मलेल्या असतात. वाट चुकतात त्या पुढे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात एका अंतोनोव्ह विमानातून शेकडो एके-४७ रायफली आणि लाखो गोळ्या पॅराशूटने टाकल्या गेल्या. हेच विमान काही दिवसांनी परतीच्या वाटेवर मुंबईत उतरवले गेले, म्हणून प्रकरण लक्षात राहिले. पण खरी गोष्ट त्याआधीची आहे. हा माल बल्गेरियातील बुर्गास येथे चढवला गेला, आणि तो कोणासाठी आहे हे सांगणारा कागद होता बांगलादेशाच्या नावाचा. ढाक्याकडे नीट खातरजमा झाली असती, माल पोचला का हे कोणी पाहिले असते, तर पुरुलियाच्या शेतांत पेट्या पडल्या नसत्या.

म्हणून लहान शस्त्रांवरचे नियंत्रण हे सीमेवरच्या पहाऱ्यापेक्षा दप्तरातले काम आहे, असे माझे मत. संयुक्त राष्ट्रांनी जुलै २००१ मध्ये कृतिकार्यक्रम ठरवला: प्रत्येक शस्त्रावर खूण, व्यवहाराची नोंद, कोठारांची राखण, जास्तीच्या साठ्याचा नाश. २००५ मध्ये सापडलेल्या शस्त्राचा माग काढण्याची पद्धत ठरली. दोन्ही गोष्टी कोणावरही कायद्याने बंधनकारक नाहीत. सर्वसंमतीने ठरवायचे म्हटल्यावर एकाचा नकार पुरतो. २००१ मध्ये अमेरिकेने नागरिकांकडील बंदुका आणि सरकारबाह्य गटांना होणारा पुरवठा हे दोन्ही विषय बाहेर ठेवायला लावले. बंधनकारक असा शस्त्रव्यापार करार २ एप्रिल २०१३ ला मंजूर झाला: बाजूने १५४, विरोधात ३, तटस्थ २३. भारत तटस्थांत होता.

भारताचा आक्षेप उथळ नव्हता. करार निर्यातदारांच्या हाती जास्त सूत्रे देतो आणि दहशतवाद्यांपर्यंत जाणाऱ्या शस्त्रांविषयी मिळमिळीत आहे, असे आपले म्हणणे. त्यात तथ्य आहे. तरीही माल वाट चुकू नये हे पाहण्याचे कर्तव्य याच करारात लिहिले आहे, कागदपत्रे मागणे, व्यवहारातले पक्ष तपासणे असे उपायही तिथे सुचवले आहेत, आणि नेमक्या त्याच ढिलाईची झळ आपण सोसली आहे. बाहेर उभे राहून ते कलम घट्ट होणार नाही. दुसरा आक्षेप असा, की कागदाने बंदूक थांबते का? कधी कधी नाही थांबत. १९९७ मध्ये अल्बानियात पैसे दामदुप्पट करणाऱ्या योजना बुडाल्या, सरकार कोसळले, लोकांनी लष्करी कोठारे फोडली. पाच लाखांहून अधिक शस्त्रे बाहेर गेली आणि त्यांतली बरीचशी शेजारच्या कोसोव्होत पोचली. तिथे व्यापाराचा करार कामाचा नव्हता, कुलूप कामाचे होते. पण कोठारात काय आहे हे माहीत असायलाही आधी वही लागतेच.

उरतो सर्वांत अवघड प्रश्न: जगात सुमारे १०० कोटी बंदुका आधीच आहेत आणि त्यांतल्या ८५ कोटींच्या आसपास सामान्य नागरिकांच्या हाती, असा जिनीव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ अखेरचा अंदाज. नवा माल रोखून काय होणार? नीट तेल घातलेली रायफल दोन पिढ्या चालते, हे खरेच. गोळी मात्र एकदाच उडते, आणि तिचा पुरवठा थांबला की उत्तम रायफलही लोखंडाची काठी उरते. म्हणजे लक्ष गोळीवर हवे होते. २००१ च्या कृतिकार्यक्रमात गोळ्यांचा स्पष्ट उल्लेख नाही. त्यांच्यासाठी जागतिक चौकट उभी राहायला २०२३ उजाडले, आणि तीही स्वेच्छेने पाळायची आहे.