ती घार नव्हे, दलदली भोवत्या

थंडी पडली की हिंगण्याकडे झिलपी तलावावर जाणारे मला एक प्रश्न हमखास विचारतात: "पांढरट डोक्याची घार दिसली, ब्राह्मणी असेल का?" बहुतेक वेळा ती घार नसतेच. ती असते दलदली भोवत्याची मादी.

रंग नंतर बघू, आधी उडणं बघा. भोवत्या पाणकणसावरून, बेशरमाच्या झुडपांवरून अगदी खालून जातो. चार-सहा वेळा पंख मारतो, मग पंख उथळ ‘व्ही’सारखे वर धरून तरंगतो. आपल्या नेहमीच्या घारीची शेपटी खाचेची. याची लांब आणि टोकाला गोलसर.

आता पिसारा. मादी गडद चॉकलेटी. माथा आणि गळा सायीच्या रंगाचा, डोळ्यातून मागे जाणारी काळपट पट्टी, खांद्याच्या पुढच्या कडेलाही बहुधा तोच फिका रंग. ब्राह्मणी घारीची छातीही पांढरी असते आणि बाकी अंग विटकरी. एवढा फरक पुरतो.

नर मात्र वेगळाच. पंखांवर तपकिरी, राखाडी, काळा असे तीन रंग, शेपटी राखाडी. शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र पट्टा दिसला, तर तो दलदली नव्हे. माळरानावरच्या दुसऱ्या भोवत्याची मादी किंवा पिल्लू असू शकतं.

आणि इथेच खरी गंमत आहे. पश्चिम फ्रान्समध्ये संशोधकांनी 2011 साली मांडलं, की तिथले सुमारे 40 टक्के नर आयुष्यभर मादीसारखेच दिसतात. इतर नर त्यांच्याशी कमी भांडतात. शिवाय कोवळी पिल्लंही मादीसारखीच तपकिरी. म्हणून तपकिरी पक्षी दिसला की लगेच ‘मादी’ लिहू नका. ‘मादीसारखा पिसारा’ लिहा. जातच कळली नाही तर नुसतं ‘भोवत्या’ लिहा, चालतं.

एवढा काटेकोरपणा कशाला? हा पाहुणा साधारण ऑक्टोबर ते मार्च आपल्याकडे असतो, आणि त्याला काठाचं गवत लागतं. उद्या सुशोभीकरणात ते गवत काढायचं ठरलं, तर ‘इथे काय होतं?’ याचं उत्तर आपल्या वहीतूनच द्यावं लागणार. तिथे नुसतं ‘घार’ लिहिलेलं असेल, तर भोवत्या तिथे कधी नव्हताच, असं होईल.

फोटो काढताना पंखांची वरची बाजूही टिपा. भेटूया पुढच्या भागात.