वर्गातलं पिस्तूल आणि भीतीचा पुरावा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांच्या आवारात परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येतं. पर्समध्ये, कोटाखाली, अगदी वर्गातसुद्धा. तारीख बघा! बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९६६ ला, ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडून अनेकांचे बळी घेतले होते.

अशा कायद्यांच्या बाजूने एक मुद्दा हमखास येतो. मुलींना बलात्कारापासून वाचवायचं तर त्यांच्या हाती पिस्तूल द्या. आपल्यालाही हे नवं नाही. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं. किंमत एक लाख बावीस हजार! (कुठल्या बायकांसाठी, ते समजून घ्या.) पण आपल्याकडे येणाऱ्या केसेस आठवा. हात टाकणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. त्याच्यावर पिस्तूल रोखायचं ते नेमकं कधी? शिवाय कायदा जे तिला देतो, ते त्यालाही देतो.

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका, जेनिफर ग्लास, लिसा मूर आणि मिया कार्टर, या कायद्याविरुद्ध कोर्टात गेल्या. आम्ही वादाचे, भावना पेटवणारे विषय शिकवतो. समोर कुणाजवळ पिस्तूल असेल या धास्तीने चर्चा आखडते, हा भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे, असं त्यांचं म्हणणं. खाजगी विद्यापीठांना बंदीची मुभा आहे, मग आम्हाला का नाही, हाही प्रश्न होता. स्वतःच्या एकटीच्या खोलीत त्या पिस्तुलाला मनाई करू शकत होत्या. वर्गात केली असती तर शिस्तभंगाची कारवाई!

२०१७ मध्ये दावा फेटाळला गेला, २०१८ मध्ये अपीलही. कोर्टाचं म्हणणं असं, की ही भीती कुणा अनोळखी विद्यार्थ्याच्या संभाव्य वागण्यावर उभी आहे; तेवढ्यावरून तुम्ही गप्प बसलात, तर ते नुकसान कायद्याने केलं असं धरता येत नाही. हे वाचताना मला आपली पोलीस चौकी दिसली. नवरा रोज सुरी उशाशी घेऊन झोपतो, असं बाई सांगते. हवालदार विचारतो, “मारली का अजून?” न मारताच त्या सुरीने तिची बोलती बंद केलेली असते, ती कुठल्या रकान्यात लिहायची?

मोंटाना राज्यात मात्र २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असाच कायदा विद्यापीठांपुरता रद्द केला. पण तिथे विद्यापीठांच्या नियामक मंडळानेच दावा लावला होता. राज्यघटनेने आवारावरचा अधिकार मंडळाला दिलेला आहे, या मुद्द्यावर निकाल लागला. कुणाची भीती सिद्ध करावी लागलीच नाही.

दुपारच्या सत्रात वकील मैत्रिणी आहेत. त्यांना मी हेच विचारणार आहे, की आपल्या अर्जांत भीती हे नुकसान म्हणून मांडायचं, की हा वळसा घ्यायचा?