विजेची मोटार आणि आपला संसार



संतवाङ्मय, इतिहास, शेती अशा भारदस्त विषयांची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे मी आज एका मोटारीची गोष्ट घेऊन उभा आहे, याचा मला थोडा संकोच वाटतो. मी मोटारींचा जाणकार नव्हे. तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, एवढाच माझा अधिकार. परंतु मागच्या आठवड्यात विजेवर चालणारी एक नवी, ऐसपैस कौटुंबिक गाडी आमच्या अंगणात दोन तास उभी होती, आणि तिच्यात बसून आम्ही यवतमाळपर्यंत जाऊन आलो. त्या फेरीने जे शिकवले ते आपल्यापुढे मांडावे, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. गाडीचे नाव मी सांगणार नाही. हे व्यासपीठ जाहिरातीचे नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. विजेची गाडी ही काल जन्मलेली वस्तू नाही. १८९९ साली पॅरिसजवळ कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थाने ताशी शंभर किलोमीटरची वेस ओलांडली, ती विजेच्या मोटारीतून. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला हँडल फिरवावे लागे, आणि ते उलटे फिरले की मनगट मोडे. विजेच्या गाडीला ही कटकट नव्हती. मग १९०८ साली फोर्डची स्वस्त गाडी आली, १९१२ साली केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरने हँडल घालवले, आणि जड शिशाच्या बॅटरीवर चार पावले चालणारी ती बिचारी मागे पडली. गंमत अशी की, तिला मागे सारणारा स्टार्टर विजेचाच होता!

आपल्याकडे मुंबईत १९०७ साली विजेची ट्राम धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी सुरू झाली. म्हणजे विजेवर प्रवास करणे मराठी माणसाला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. फरक इतकाच की, ट्रामला आणि रेल्वेला वीज तारेतून मिळते. वीज पेटीत भरून बरोबर नेता येईना, ही अडचण होती. ती सोडवली लिथियमच्या बॅटरीने. १९९१ साली ती बाजारात आली, आणि तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीचे माप आपल्या ओळखीचे आहे. विजेच्या बिलावर जे युनिट असते, तेच ते. टाटांची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये विजेवर आली तेव्हा तिच्या बॅटरीत तीस युनिट मावत. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रांनी चाकणला बनणाऱ्या दोन गाड्या जाहीर केल्या, त्यांतील मोठ्या बॅटरीत ७९ युनिट मावतात. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटांच्या विजेवरील हॅरियरमध्ये ७५. पाच वर्षांत अडीच पट वाढ झाली. ज्या गाडीत आम्ही बसलो तिचीही बॅटरी ७५ युनिटांची होती.

आता फेरीविषयी. पारा ४३ वर होता. गाडीत मी, आमच्या सौ., धाकटा भाऊ, मागे आई, आणि माझ्या शेजारी विक्रेत्याकडचा तरुण. आईचे वय ८१. मी कळ दाबली, दिवे लागले, आणि गाडी गप्प. आई म्हणाली, "बापू, चालू हाय का बंद हाय?" मी म्हटले, "चालू आहे." ती म्हणाली, "मंग बोलत कावून नाही?" तो तरुण मनापासून हसला. पण आईचा प्रश्न शास्त्रीय होता. डिझेलचे इंजिन उभे असतानाही जळत राहते, म्हणून ते बोलते. विजेची मोटर चाक फिरवायचे तेव्हाच फिरते.

आणि फिरते ती पहिल्या क्षणापासून पुऱ्या जोराने. इंजिनाला जोर धरायला वेग लागतो, म्हणून गिअर लागतात. येथे गिअर बदलणे नाही, क्लच नाही. ट्रकला ओलांडताना पाय जरा दाबला, तर मागून आईचा आवाज आला, "हळू रे!" एवढ्या वजनाची गाडी इतक्या झटक्याने पुढे जाते, हे सुख आहे तसेच धोकाही आहे. घरातल्या विशीतल्या पोराच्या हाती ती देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

यवतमाळ आपल्याहून उंचावर आहे. जाताना बॅटरीचे आठ टक्के उतरले. येताना उताराला मी पाय उचलला की चाकेच मोटरला फिरवीत, मोटर जनित्र होई, आणि वीज परत पेटीत जाई. येताना चारच टक्के लागले. एकूण सत्तेचाळीस किलोमीटरला बारा टक्के, म्हणजे नऊ युनिट. शंभर किलोमीटरला एकोणीस. या हिशेबाने पूर्ण भरलेली गाडी जेमतेम चारशे किलोमीटर जाईल. कागदावर आकडा सहाशेच्या वर छापला होता. कागद खोटा नाही. तो आकडा प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरावीक मंद वेगाने काढतात. तेथे वैशाख नसतो, चढ नसतो, आणि पाच माणसांसाठी थंड हवेचे यंत्रही चालत नसते. म्हणून छापील आकड्याचा तिसरा हिस्सा सोडून द्यावा आणि उरलेल्यावर बेत करावा.

वाटेत वीज संपली तर काय, ही काळजी जगभरच्या लोकांना सतावते. आपण तर चिंतामणीच्या गावचे. चिंता देवावर सोपवावी, पण हिशेब आपण करावा. येथून सेवाग्रामचे रुग्णालय पन्नास-साठ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन तीस टक्के. तेव्हा घरची गाडी चाळीस टक्क्यांखाली कधीच उतरू द्यायची नाही, हा झाला नियम. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर ती तासाला जेमतेम तीन युनिट घेते. रिकामी गाडी भरायला अहोरात्र लागते. सात किलोवॉटचा खास चार्जर लावला तर रात्रीत काम होते, पण त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. ज्याच्या घराला अंगण नाही, जो दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्याने आधी हा प्रश्न सोडवावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

पैशांचे बोलू. वीज दहा रुपये युनिट धरा. भरताना थोडी वाया जाते ती धरून शंभर किलोमीटरला एकवीस युनिट, म्हणजे दोनशे दहा रुपये. तशाच डिझेल गाडीला, लिटरला चौदा किलोमीटर आणि डिझेल नव्वद रुपये धरले, तर सहाशे चाळीस. वाचले चारशे तीस. विजेची गाडी चार लाखांनी महाग असेल, तर ते चार लाख भरून निघायला त्र्याण्णव हजार किलोमीटर धावावे लागेल. वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला पावणेआठ वर्षे लागतील. रोज नागपूर करणाऱ्या व्यापाऱ्याला दोन वर्षेही लागणार नाहीत. ज्याने त्याने आपापले किलोमीटर मोजावेत.

काही जण म्हणतात, या गाडीला धूर नाही. गाडीला नाही, हे खरे. पण चंद्रपूरच्या धुरांडी विचारा. आपल्याच जिल्ह्यात वणीच्या खाणींतून कोळसा निघतो, आणि देशाच्या विजेचा मोठा हिस्सा अजून कोळशाचाच आहे. माझ्या हिशेबाने या गाडीमागे शंभर किलोमीटरला पंधरा किलो कर्बवायू विजेच्या कारखान्यात सुटतो, डिझेलच्या गाडीमागे एकोणीस. फरक आहे, पण फार मोठा नाही. घराच्या छपरावर तीन किलोवॉटचे सौर पत्रे बसवले, तर दिवसाला बारा युनिट मिळतात, आणि साठ किलोमीटर उन्हावर निघतात. त्यासाठी २०२४ पासून केंद्र सरकार अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान देते. ऊन ही एक गोष्ट विदर्भाला कोणाकडे मागावी लागत नाही.

आता ज्या कारणासाठी आम्ही ही गाडी पाहिली ते सांगतो. माझ्या आईने जन्मभर चुलीपुढे बसून आम्हांला वाढवले. त्या धुराने तिची फुप्फुसे गेली. दोन वर्षांपासून रात्री ती ऑक्सिजनच्या मशीनवर झोपते. मागच्या ज्येष्ठात वादळ झाले, संध्याकाळी वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. इन्व्हर्टर रात्री एकला संपला. शेजाऱ्याची गाडी मागून, पावसात, तिला दवाखान्यात नेले. ती वाचली. पण तो एक ते तीनचा वेळ मी विसरलो नाही.

काही नव्या गाड्यांतून घरच्या उपकरणांना वीज घेता येते, असे मी वाचले होते. म्हणून फेरीनंतर त्या तरुणाला म्हटले, "एक वायर लावून पाहू या का?" आम्ही आईचे मशीन पडवीत आणून गाडीला जोडले. ते घुमू लागले. मशीन घेते चारशे वॉट. दहा तासांची रात्र धरली तर चार युनिट, म्हणजे गाडीच्या बॅटरीचे जेमतेम सव्वापाच टक्के. मी पाटीवर हजार गणिते सोडवून दाखवली असतील, पण हे उत्तर लिहिताना माझा हात थांबला. मग आई म्हणाली, "बापू, याच्यासाठी एवढी मोठी गाडी कायले पाह्यजे?"

तिचे बरोबर होते. चार युनिटांसाठी पंचवीस लाख लागत नाहीत. इन्व्हर्टरला मोठी बॅटरी घेऊन ते काम त्याच आठवड्यात आम्ही उरकले. गाडीसाठी दोन एकर विकावे, असे भावाच्या मनात होते. आईने ते तेथेच मोडून काढले. कपाशी बुडाली तरी जमीन पुढच्या वर्षी पिकते, गाडी पिकत नाही, हे तिचे म्हणणे. तेव्हा जमीन विकायची नाही, छपरावर आधी सौर पत्रे बसवायचे, आणि कर्जाचा हप्ता माझ्या पेन्शनच्या चौथाईत बसेल त्या दिवशी गाडीचा विचार करायचा, असे आमच्या घरात ठरले आहे.

शेवटी एकच गोष्ट सांगतो. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी एस. टी.ची विजेवर चालणारी 'शिवाई' धावली. वर्ध्याहून आपल्या कळंबपर्यंत २०२४ साली रेल्वे आली. पंचवीस लाखांची गाडी आपल्यापैकी थोड्यांच्या दारी येईल. परंतु आपली आई ज्या गाडीने दवाखान्यात जाते ती सर्वांची गाडी धुराविना धावावी, आणि वादळाच्या रात्रीही गावातली वीज टिकावी, ही मागणी आपण सर्वांनी मिळून करता येईल. मोटार ज्याची त्याची असते. वीज मात्र गावाची आहे.