उभी राहिलेली मोटारसायकल आणि तिचा ब्रेक

पुष्कळ दिवस वापरात नसलेली मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणावयाची झाली, म्हणजे मालकाचे सारे लक्ष प्रथम एंजिनाकडे जाते. टाकीतील शिळे पेट्रोल काढावे, कार्ब्युरेटर धुवावा, प्लग घासावा, बॅटरी चार्ज करून आणावी आणि मग किकवर पाय ठेवावा. दहापाच प्रयत्नांनंतर एंजिन खोकते, धूर सोडते आणि चालू होते. त्या आवाजाने घरातली माणसे दारात येतात आणि काम फत्ते झाले असे सर्वांनाच वाटते. ब्रेकची आठवण होते ती पहिल्या वळणावर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली तेव्हा अशा कितीतरी गाड्या महिनोन् महिने जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोकणातल्या घराच्या पडवीत वर्षातून दोनदा येणाऱ्या चाकरमान्याची वाट पाहणारी गाडी तर टाळेबंदीवाचूनही उभीच असते.

जुन्या राजदूत, जावा किंवा त्या काळच्या बुलेटचा ड्रम ब्रेक केबलने वा दांडीने ओढला जाई. केबलला तेल घातले, आतील शू साफ केले आणि चाकाजवळची नटबोल्टाची घडी जुळविली, की बहुधा निभावत असे. १९६९ साली होंडाने आपल्या सीबी ७५० ह्या गाडीच्या पुढच्या चाकाला तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक दिला. आज तो साध्या गाड्यांनाही असतो. त्याचे तत्त्व सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेले आहे. बंद द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, की तो सर्वत्र सारखा पोहोचतो. समजा, हँडलजवळच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि चाकाजवळच्या कॅलिपरचा ३० मिलिमीटरचा. म्हणजे बोटांनी दिलेले बळ तिथे सहापटींहून अधिक होऊन पोहोचते. हे सारे एका अटीवर घडते. नळीत तेलच असावयास हवे, हवा नव्हे; कारण तेल दबत नाही आणि हवा दबते. हवा शिरली, की आपण लिव्हर दाबतो आणि बोटांचा जोर ती हवा आवळण्यातच खर्च होतो.

उभ्या गाडीत बिघडते ते हे तेलच. डॉट ३, डॉट ४ अशा नावांनी बाजारात मिळणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. झाकणातून, रबरी नळीतून तो हळूहळू आत येतो. ताजे डॉट ४ तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले, की तीच मर्यादा १५५ वर येते. अंगणात गाडी ढकलून पाहताना ह्या फरकाची जाणीवही होत नाही. पण घाट उतरताना ब्रेक वारंवार लागतो, कॅलिपर तापतो, तेलातील पाण्याची वाफ होते आणि लिव्हर अचानक मुठीपर्यंत येते. गाडी निवली, की ब्रेक पुन्हा पूर्वीसारखा लागतो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दोष म्हणून काही सापडत नाही. म्हणूनच कुपीतील तेलाची पातळी कमी दिसली, की वरून भर घालणे हा मला सर्वांत घातक उपाय वाटतो. ताज्या तेलाचा रंग फिकट पिवळा असतो. तो चहासारखा झाला असेल, तर तेल बदलावयाचेच.

पाण्याचे दुसरे काम गंजाचे. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकतो, पॅड डिस्कला चिकटून बसतात. त्याहून कपटी दोष मास्टर सिलिंडरमध्ये असतो. दाब सुटल्यावर तेल कुपीकडे परत जावे म्हणून तिथे सुईच्या अग्राएवढे एक छिद्र ठेवलेले असते. जुन्या तेलाचा चिकट साका त्यात बसला, की लिव्हर सोडली तरी दाब उरतो. चाक जड फिरते, घर्षणाने तेल तापून फुगते आणि वाट नसल्याने ब्रेक आपोआप अधिकच आवळला जातो. केबलची एक बारीक तार घेऊन हे छिद्र मोकळे करावे. ते मोठे मात्र होऊ देऊ नये.

कॅलिपर उघडताना पिस्टन पकडीने ओढू नये, चरे पडतात. पॅड काढून लिव्हर दाबत राहिल्यास तेलाच्या दाबानेच तो बाहेर येतो. त्याच्याभोवती चौकोनी धारेचे एक रबरी सील असते. पिस्टन पुढे सरकताना ते किंचित पिळते आणि दाब सुटताच मूळ आकारात येताना पिस्टनला मागे घेते. डिस्क ब्रेकला परत खेचणारी स्प्रिंग बहुधा नसते, तिचे काम हे रबर करते! ते कडक झाले असेल तर नवे घालावे. सफाईसाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. ह्या रबराला ते फुगविते. ताजे ब्रेक ऑइलच वापरावे, आणि गाडीच्या रंगावर सांडल्यास ताबडतोब पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो.

मग येते हवा काढण्याचे काम. इंग्रजीत ह्याला ब्लीडिंग म्हणतात. आपल्या वैद्यकातील रक्तमोक्षण हा त्याचा अचूक प्रतिशब्द ठरेल. पण गॅरेजमध्ये कोणी तो उच्चारला तर मिस्त्री पाना खाली ठेवून पाहत राहील. तिथे ‘एअर काढणे’ एवढेच म्हणतात. कॅलिपरच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवितात. हँडल अशा बेताने वळवावे, की मास्टर सिलिंडर सर्वांत उंच राहील. एकजण लिव्हरवर, दुसरा निपलपाशी. ‘दाब रे’ म्हटले, की मुलगा तीनचारदा सावकाश दाबतो; ‘धर’ म्हटले, की दाबून धरतो; मिस्त्री पाव फेरा निपल सैल करतो, तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, लिव्हर मुठीला टेकते. निपल पुन्हा आवळल्यावरच मिस्त्री ‘सोड’ म्हणतो. हा क्रम चुकला, तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. कुपीतील तेल तळाला जाऊ दिले, तरी तेच होते आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते. नळी पूर्ण कोरडी असेल तर प्रारंभी दाबच बनत नाही. तेव्हा खालच्या निपलमधून सिरिंजने तेल वर चढवावे. मधूनमधून कॅलिपरवर हलके ठोकल्यास चिकटलेले बुडबुडे सुटतात.

भारतात एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्या यंत्रणेत अडकलेली हवा काढण्यास काही वेळा कारखान्यातील उपकरण लागते. अशी गाडी घरी उघडू नये.

काम संपल्यावर लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरावी. ती हळूहळू मुठीकडे सरकू लागली, तर कुठेतरी तेल वा दाब निसटत आहे. निपल कोरडे आहे, चाक हाताने मोकळे फिरते आहे, हे पाहावे. पॅड नवे बसविले असतील तर गाडी हलविण्यापूर्वी लिव्हर पुन्हा पुन्हा दाबून पॅड डिस्कला भिडवावेत, नाहीतर पहिल्या दाबाला काहीच घडत नाही. नंतर रिकाम्या गल्लीत, चालण्याच्या वेगाने पाहणी करावी. घाटाचा बेत आणखी काही दिवस पुढे ढकलावा. साधारण दोन वर्षांनी हे तेल पुन्हा बदलावे. अर्धी उरलेली बाटली मात्र त्या दिवसासाठी माळ्यावर ठेवू नये. झाकण एकदा उघडले, की तीही ओलावा शोषू लागते.